फिक्स्चरच्या युनिटसाठी कॅड सॉफ्टवेअर निवडताना: एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्स्चर (मशीनवर जॉब नेमक्या जागी पकडून ठेवणारी साधनं) बनवणारी लहान युनिट गल्लोगल्ली आहेत. तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक सरफेस ग्राइंडर, एक रेडियल ड्रिल, दोन फिटर, ड्रॉइंगच्या टेबलावर दोन माणसं आणि कोटेशन स्वतः काढणारे शेठ. अशाच एका युनिटचं प्रकरण इथे मांडलं आहे. युनिटचं नाव दिलेलं नाही आणि ऑर्डरींचे आकडे नमुन्याचे आहेत. मापं, सूत्रं आणि सॉफ्टवेअरबद्दलची माहिती मात्र तशीच उचलून वापरता येईल.

प्रश्न असा होता: इतकी वर्षं टूडी ऑटोकॅड एलटीवर काम चाललं, आता ग्राहक थ्रीडी मॉडेल मागतात, तर घ्यायचं कोणतं? बहुतेक ठिकाणी अशा वेळी विक्रेत्याला बोलावून डेमो बघतात. डेमोसाठी निवडलेला पार्ट त्या सॉफ्टवेअरला सोपा जाणाराच असतो, त्यामुळे डेमो बघून फारसं काही ठरत नाही. इथे आधी दोन गोष्टी तपासल्या. काम नेमकं कुठे अडलं, आणि फायली येतात कुठून, जातात कुठे.

अडलेला जॉब

एफजी २६० दर्जाच्या बीडाचं (ओतीव लोखंडाचं) एक हाउसिंग, त्याचं ड्रिलिंग फिक्स्चर. लोकेशन नेहमीचं: खाली तीन रेस्ट पॅड, बाजूला दोन लोकेटर, टोकाला एक. वरून तीन स्ट्रॅप क्लॅम्प, एम१२ स्टडवर. एका क्लॅम्पजवळ एम१२ टॅपसाठी (आटे पाडण्यासाठी) १०.२ मिमीचं ३५ मिमी खोल ड्रिल होतं. भोकाच्या केंद्रापासून स्टडचं केंद्र ३२ मिमीवर. प्लॅनमध्ये बघितलं तर सगळं ठीक दिसतं: १९ च्या पान्याचा नट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण २२ मिमी, म्हणजे नटाच्या कोपऱ्यापासून ड्रिलच्या कडेपर्यंत जवळजवळ १६ मिमी मोकळी जागा. ड्रॉइंग तपासणाऱ्याला त्यात काहीच खटकलं नाही.

पण भोकात एकटं ड्रिल उतरत नाही, मागोमाग ते पकडणारा होल्डर उतरतो. होल्डरच्या टोकाला ड्रिल आवळणाऱ्या ईआर३२ कोलेटचा नट ५० मिमी व्यासाचा असतो, म्हणजे केंद्रापासून २५ मिमी. ड्रिल होल्डरमधून ६० मिमी बाहेर काढलं होतं. ३५ मिमी खोलीवर कोलेट नटाची खालची बाजू जॉबच्या फेसपासून २५ मिमी वर येते. क्लॅम्पच्या नटाचा माथा फेसपासून ३० मिमी वर होता. उभ्या दिशेने ५ मिमी आणि आडव्या दिशेने ४ मिमी अशी टक्कर ठरलेलीच होती, आणि ती पहिल्याच ट्रायलला झाली. ड्रिल तुटलं, स्टड वाकला, आणि स्पिंडलचा रनआउट (फिरताना होणारं डगमगणं) टेस्ट मॅन्ड्रेल लावून तपासेपर्यंत मशीन उभं राहिलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही टक्कर टूडीतही पकडता आली असती. त्या भोकातून एक सेक्शन काढून त्यात होल्डर उतरवला असता तर दहा मिनिटांत दिसली असती. आणि थ्रीडी घेतलं म्हणून ती आपोआप दिसणार नाही. असेम्ब्लीत होल्डर मॉडेल करून तो खालच्या स्थितीत आणून इंटरफरन्स (पार्ट एकमेकांत घुसतात का ते) तपासला तरच दिसते. थ्रीडीचा खरा फायदा एवढाच की होल्डरचं मॉडेल एकदा केलं की ते प्रत्येक जॉबला, प्रत्येक भोकावर नेऊन बघता येतं. सेक्शन मात्र दर वेळी नव्याने काढावा लागतो, आणि घाईच्या जॉबला तो हमखास राहतो.

फायलींची मोजणी

दुसरं काम कंटाळवाणं होतं, पण निवडीला खरी दिशा त्यानेच दिली. मागच्या ४० ऑर्डरींचे फोल्डर उघडून प्रत्येकात ग्राहकाकडून काय आलं ते वहीत लिहिलं. २१ मध्ये स्टेप फाइल (कोणत्याही थ्रीडी कॅडमध्ये उघडणारं मॉडेल), ९ मध्ये नुसती पीडीएफ, ६ मध्ये डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचं ड्रॉइंग), ४ मध्ये फक्त नमुन्याचा पार्ट. बाहेर जाणाऱ्या फायलींची मोजणी वेगळी: शॉप फ्लोअरला छापील ड्रॉइंग सगळ्याच ऑर्डरींत, व्हीएमसीच्या प्रोग्रामरला स्टेप, लेझरवाल्याला आणि वायरकटवाल्याला डीएक्सएफ (कापायच्या रेषांची टूडी फाइल), १७ ऑर्डरींत ग्राहकाच्या मंजुरीसाठी थ्रीडी. या १७ पैकी ३ ऑर्डरींत फिक्स्चरसोबत सॉलिडवर्क्सची मूळ फाइलही द्या, अशी पीओत (खरेदी ऑर्डरीत) अट होती.

या मोजणीने कॅटिया, एनएक्स आणि क्रिओ यादीतून गेले. मोठे ग्राहक ते वापरतात, म्हणून आपणही तेच घ्यावं असं अनेकांना वाटतं. पण ते ग्राहक बाहेर देताना स्टेप किंवा पॅरासॉलिडच देतात, आणि फिक्स्चरच्या प्लेटा, ब्लॉक आणि क्लॅम्प काढायला त्या सॉफ्टवेअरची ताकद लागत नाही.

उरले सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, इन्व्हेंटर, फ्यूजन, ऑनशेप, फ्रीकॅड. आणि टूडीसाठी ऑटोकॅड एलटी किंवा ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅडसारखी डीडब्ल्यूजी उघडणारी सॉफ्टवेअर.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, चांगलं चालतं. पण त्याच्या फुकट योजनेत केलेलं डॉक्युमेंट सगळ्यांना दिसतं. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर ते वापरताच येत नाही, आणि पैसे भरून घेतलं तरी ग्राहकाचा पार्ट क्लाउडवर ठेवायला त्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. फ्यूजनलाही हाच मुद्दा लागू आहे. फ्यूजनची मोठी जमेची बाजू म्हणजे सोबत येणारं कॅम (मशीनचा प्रोग्राम बनवणारा भाग), तीन व्हीएमसी असलेल्या युनिटला ते खुणावतंच. मात्र त्याचा वैयक्तिक वापराचा मोफत परवाना धंद्यासाठी नाही, आणि त्यात एका वेळी १० च डॉक्युमेंट संपादनासाठी खुली ठेवता येतात. ‘फुकट आहे की’ म्हणून त्यावर ग्राहकाचं काम सुरू केलेली युनिट आहेत. ते परवान्याच्या अटींचं सरळ उल्लंघन आहे.

हेच क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल, फक्त जास्त गंभीर. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३बी नुसार प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. जिथे वापर धंद्यासाठी नाही तिथेच न्यायालयाला कैद टाळण्याची मुभा आहे. वर्कशॉप त्यात बसत नाही. सॉफ्टवेअरचं बजेट ठरवताना हा पर्याय टेबलावर येताच कामा नये.

फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि त्याआधीची मोठी दुखरी जागा बरीच सावरली. ती जागा अशी: मॉडेलमधल्या प्रत्येक फेसला सॉफ्टवेअर आतून क्रमांक देतं. आधीच्या पायरीत एखादं भोक वाढवलं की क्रमांक बदलत, आणि पुढचं स्केच भलत्याच फेसवर जाऊन बसे. १.० मध्ये हे खूप कमी झालं आणि असेम्ब्लीही सोबत आली. स्टेप उघडणं, मापणं, एकटा पार्ट काढणं यासाठी फ्रीकॅड उत्तम आहे, आणि धंद्यासाठी वापरायला परवान्याची आडकाठी नाही. चाळीस पार्टांच्या फिक्स्चरचं असेम्ब्ली, बीओएम (पार्टांची यादी) आणि बलूनसह (पार्टांच्या क्रमांकांच्या गोलांसह) ड्रॉइंग रोजच्या रोज काढायला मात्र अजून वेळ जास्त लागतो.

तीन दिवसांची चाचणी

सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि इन्व्हेंटर यांच्या चाचणी प्रती मागवून तोच टक्कर झालेला जॉब तिन्हींवर काढला. डेमो पार्ट नको, आपलाच जॉब हवा आणि तोही चुकलेला. कारण काय चुकतं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

पहिली पायरी, कास्टिंगची स्टेप फाइल उघडणं. ती सॉलिड म्हणून आली की नुसत्या सरफेसचं टरफल आलं, हे आधी बघायचं. जुन्या आयजीईएस प्रकारच्या फायलींत सरफेस शिवताना फटी राहतात आणि व्हॉल्यूम शून्य दाखवतं. स्टेपमध्ये ते कमी होतं, पण होतं. मग मटेरियल लावायचं. बीडाची घनता सुमारे ७.२ ग्रॅम प्रति घनसेंमी. मटेरियल न लावता वजन बघितलं तर सॉलिडवर्क्स १ ची घनता धरतं, म्हणजे पाण्याची, आणि ३६ किलोचं कास्टिंग ५ किलोचं दिसतं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर छापलेल्या वजनाशी मॉडेलचं वजन जुळलं की आयात नीट झाली असं धरता येतं. ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

ग्राहकाकडे एनएक्स असेल तर स्टेपऐवजी पॅरासॉलिड फाइल मागावी. एनएक्स, सॉलिड एज आणि सॉलिडवर्क्स तिघांच्या आत भूमितीचं इंजिन पॅरासॉलिडच आहे, त्यामुळे मध्ये भाषांतर होत नाही. फक्त पाठवणाऱ्याने ती आपल्याला उघडता येईल इतक्या जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली असावी.

दुसरी पायरी सगळ्यात बोलकी ठरली: रिव्हिजन. ग्राहकाने कास्टिंगचा एक बॉस (उंचवटा) ४ मिमी सरकवून नवी स्टेप पाठवली, असं धरलं. स्टेपमध्ये पार्ट कसा बनला त्या पायऱ्या नसतात, नुसता आकार असतो. नवी फाइल आत घेतली की जुन्या फेसवर लावलेले सगळे मेट (पार्टांचे जोड) तुटतात, आणि असेम्ब्लीच्या यादीत लाल खुणांची रांग लागते. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे कमीजास्त झालं. सॉलिड एजमध्ये २००८ पासून असलेलं सिंक्रोनस तंत्र इथे कामी येतं: आयात केलेल्या बॉडीचा बॉस सरळ धरून ४ मिमी ढकलता येतो, नवी फाइल आत घ्यायची गरजच पडत नाही. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरमध्येही फेस हलवण्याची सोय आहे, पण सॉलिड एजमध्ये हात जास्त मोकळा राहतो.

यावर खरा उपाय मात्र सॉफ्टवेअरचा नाही, पद्धतीचा आहे. लोकेटर कास्टिंगच्या फेसला जोडायचे नाहीत. असेम्ब्लीत आधी तीन डेटम प्लेन (मापं जिथून धरायची त्या पातळ्या) आणि एक मांडणीचं स्केच ठेवायचं, ज्यात रेस्ट पॅड, लोकेटर आणि क्लॅम्पची केंद्रं मापाने बांधलेली असतात. फिक्स्चरचे सगळे पार्ट त्या स्केचला जोडायचे. कास्टिंग पाहुण्यासारखं आणून त्याच डेटमवर बसवायचं. रिव्हिजन आली की पाहुणा बदलतो, घर तसंच राहतं, आणि स्केचमधली दोन मापं बदलली की बाकीचं मागोमाग येतं. ही शिस्त नसेल तर कोणतंही महागडं सॉफ्टवेअर दुसऱ्याच रिव्हिजनला डोकेदुखी होतं.

तिसरी पायरी ड्रॉइंगची. शॉप फ्लोअरवर शेवटी कागदच जातो, त्यामुळे इथे घाई करू नये. सॉलिडवर्क्स पहिल्यांदा उघडताना एकके आणि डायमेन्शनचं स्टँडर्ड विचारतं. तिथे अमेरिकन स्टँडर्ड निवडलं गेलं की व्ह्यू थर्ड अँगलमध्ये (बाजूच्या व्ह्यूंच्या जागा उलट होऊन) येतात. आपल्याकडे आयटीआयपासून सगळे फर्स्ट अँगल वाचतात. प्रोजेक्शनचं चिन्ह छोटं, कोपऱ्यात, कोणी बघत नाही. आणि उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा होऊन येतो. टेम्प्लेट एकदाच बसवावं: ए३ शीट, फर्स्ट अँगल, मिलिमीटर, टायटल ब्लॉकमध्ये सर्वसाधारण टॉलरन्सची ओळ. दशांशाचे आकडे तर खास बघावेत. सेटिंग नीट नसेल तर ४० च्या जागी ४०.०० छापलं जातं, आणि इन्स्पेक्शनमधला माणूस दोन शून्यं बघून नको तितकं बारीक माप धरतो.

१० एच७ च्या डॉवेल भोकासाठी (जागा पक्की करणाऱ्या पिनेचं, बारीक मर्यादेचं भोक) नुसतं ‘एच७’ न छापता कंसात ०.०१५ आणि ० या मर्यादा छापता येतात का, तेही बघितलं. ऑपरेटरला तक्ता शोधायला लावू नये.

फिटरसाठी मराठी सूचना लिहायच्या असतील, जसं ‘डॉवेल असेम्ब्लीनंतर रीम करा’, तर फॉन्टचा प्रश्न येतो. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मंगल किंवा निर्मला यूआयसारखा युनिकोड फॉन्ट लावावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं तर दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. एक पान छापून जोडाक्षरं तुटतात का ते डोळ्यांनी बघावं, आणि बाहेर देताना पीडीएफच द्यावी.

प्रोग्रामर आणि लेझरवाला

व्हीएमसीचा प्रोग्रामर स्टेपवरून काम करतो, आणि इथे एक चूक वारंवार होते. मॉडेलमधला एम८ चा आटा बहुतेक वेळा दिखाऊ असतो, भूमितीत प्रत्यक्ष कापलेला नसतो. स्टेपमध्ये तो जात नाही. जातं ते ६.८ मिमीचं साधं भोक. प्रोग्रामर ६.८ चं ड्रिल मारून पुढे जातो आणि प्लेट टॅपशिवाय फिटरच्या टेबलावर येते. डॉवेलचं एच७ भोकही स्टेपमध्ये नुसतं १० चं भोक असतं. यावर तोडगा रंगांचा: टॅपच्या भोकांचा फेस एका रंगात, एच७ भोकांचा दुसऱ्या, ग्राइंडिंगचा फेस तिसऱ्या. फाइल एपी२१४ प्रकारात सेव्ह करायची, कारण तीत रंग जातात. जुन्या एपी२०३ मध्ये जात नाहीत. रंगांचा तक्ता छापून प्रोग्रामरच्या टेबलासमोर लावायचा. तरीही शेवटचा शब्द पीडीएफ ड्रॉइंगचा, मॉडेलचा नाही, हे लिहून ठेवायचं.

लेझरवाल्याचं गणित वेगळं. गार्डचे (संरक्षक झाकणांचे) पत्रे २ मिमी सीआरसीएचे (थंड रोल केलेल्या पोलादाचे). थ्रीडीत शीट मेटल काढून फ्लॅट पॅटर्न घेतला की लांबी आपोआप येते, पण ती के-फॅक्टरवर (वाकताना लांबी न बदलणारा थर जाडीत कुठे येतो त्या प्रमाणावर) ठरते. ९० अंशांच्या बेंडसाठी बेंडमध्ये जाणारी लांबी म्हणजे १.५७०८ गुणिले (आतली त्रिज्या अधिक के गुणिले जाडी). आतली त्रिज्या २ मिमी आणि के ०.५ धरला तर ४.७१ मिमी येते. लेझरवाल्याच्या प्रेस ब्रेकवर प्रत्यक्ष के ०.४२ निघत असेल तर ४.४६. एका बेंडला पाव मिमी. गार्डला चार बेंड, म्हणजे पूर्ण १ मिमीचा फरक. मग गार्ड वाढीव येतो, स्क्रूची भोकं जुळत नाहीत, आणि फिटर कानस घेऊन बसतो.

खरा के काढायला त्याच पत्र्याची १०० मिमी लांब पट्टी त्याच डायवर मधोमध वाकवून घ्यावी. दोन्ही पायांची बाहेरून मापं घेऊन बेरीज करावी. समजा १०३.५४ आली. त्यातून १०० वजा केले की ३.५४, हे बेंड डिडक्शन. दुप्पट (त्रिज्या अधिक जाडी), म्हणजे ८, त्यातून ३.५४ गेले की ४.४६. हाच आकडा वरच्या सूत्रात घालून के ०.४२ मिळतो. आतली त्रिज्या मात्र रेडियस गेजने मोजलेलीच घ्यावी, डायवर लिहिलेली नाही. जाडी बदलली, डाय बदलली, लेझरवाला बदलला की पट्टी पुन्हा.

डीएक्सएफ पाठवताना तीन गोष्टी बघायच्या. फाइल १:१ मध्ये आणि मिलिमीटरमध्ये आहे का. बेंडच्या रेषा वेगळ्या लेअरवर आहेत का, नाहीतर लेझर त्या कापून टाकतो. आणि गोलाई खऱ्या आर्कमध्ये आहे की स्प्लाइनमध्ये. स्प्लाइनचे शेकडो छोटे तुकडे होतात आणि कटिंगची कड दातेरी येते. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषाही काढाव्यात, नाहीतर तीच कड दोनदा कापली जाते.

निवड

भूमितीच्या बाबतीत तिन्ही सॉफ्टवेअर या कामाला पुरेशी होती. आयात केलेल्या कास्टिंगवर सॉलिड एज थोडं पुढे होतं, आणि नुसत्या त्या एका कसोटीवर ठरवायचं असतं तर तेच घ्यायला हवं होतं. इन्व्हेंटर जुन्या डीडब्ल्यूजीशी सगळ्यात सहज जुळत होतं. तरीही निवड सॉलिडवर्क्सची झाली, आणि कारणं सॉफ्टवेअरच्या बाहेरची होती. एक म्हणजे मूळ फाइल मागणाऱ्या त्या ३ ऑर्डरी. दुसरं, बाहेर काम देता येतील असे फ्रीलान्स डिझायनर आणि नोकरीला येणारी डिप्लोमाची मुलं यांच्यात सॉलिडवर्क्स येणारे जास्त मिळत होते. दोन माणसांच्या ड्रॉइंग ऑफिसात एक माणूस सोडून गेला तर पुढच्या आठवड्यात दुसरा बसवता येणं, हे कुठल्याही फीचरपेक्षा मोठं आहे. मूळ फाइलची अट नसती आणि आयात केलेल्या कास्टिंगचं काम जास्त असतं, तर कौल सॉलिड एजच्या बाजूने जायला हरकत नव्हती.

सॉलिडवर्क्सची सीट (एका माणसापुरता परवाना) एकच घेतली. दुसऱ्या टेबलावर डीडब्ल्यूजी चालवणारं टूडी सॉफ्टवेअर कायमच्या परवान्याचं. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणं थांबवलं, त्यामुळे ज्यांना दर वर्षी भाडं नको त्यांना टूडीत ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅडकडे बघावं लागतं. आधी जुन्या शंभरेक डीडब्ल्यूजी त्यात उघडून हॅच, डायमेन्शन स्टाइल आणि फॉन्ट हलतात का ते तपासलं. प्रोग्रामरच्या टेबलावर फ्रीकॅड आणि ईड्रॉइंग्ज, दोन्ही फुकट: एकात स्टेप मापायची, दुसऱ्यात सॉलिडवर्क्सची फाइल नुसती बघायची.

ज्येष्ठ ड्राफ्ट्समनना थ्रीडीवर बसवायचा आग्रह धरला नाही, आणि हा निर्णय योग्य होता असं ठाम मत आहे. मेट लावायला नवा मुलगा महिन्यात शिकतो. कुठे एच७ हवा आणि कुठे साधं ड्रिल चालतं, कुठला फेस ग्राइंड करायचा आणि कुठला तसाच सोडायचा, हे शिकायला वर्षं जातात. थ्रीडीतून निघालेलं ड्रॉइंग त्यांच्या सहीशिवाय शॉपला जात नाही, अशी घडी बसवली.

पीओत लिहून घेतलेलं

कोटेशनची तुलना तीन वर्षांच्या खर्चावर केली: परवाना, दर वर्षीचं मेंटेनन्स, प्रशिक्षण, संगणक. १८ टक्के जीएसटी वेगळा धरला, कारण त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. मेंटेनन्स मध्येच थांबवून नंतर सुरू केलं तर मागची थकबाकी भरावी लागते का, परवाना एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवता येतो का, आणि संगणक जळाला तर काय, या तिन्हींची उत्तरं ईमेलवर घेतली. तोंडी आश्वासन विक्री प्रतिनिधी बदलला की जातं.

आवृत्तीचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित. जुन्या सॉलिडवर्क्समध्ये नव्याची फाइल उघडत नाही. २०२४ पासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करता येतं, त्याआधीच्यात ती सोय नव्हती. त्यामुळे फ्रीलान्सरला काम देताना पीओवरच आवृत्ती लिहायची, आणि ग्राहकाने मूळ फाइल मागितली तर त्याची आवृत्ती आधी विचारायची. हा प्रश्न लहान युनिटपुरता नाही. एअरबसच्या ए३८० विमानाच्या बांधणीत हॅम्बुर्गला कॅटियाची चौथी आवृत्ती आणि तुलूझला पाचवी वापरात होती. विमानातली सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग बसवताना हार्नेस (वायरींचे जुडगे) आखूड पडले, २००६ मध्ये एकामागून एक उशीर जाहीर करावे लागले आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी.

संगणकावर पैसे कुठे घालायचे तेही ठरवलं: जास्त क्लॉक स्पीडचा प्रोसेसर, कारण मॉडेल रीबिल्ड होताना मुख्य भार एकाच कोअरवर येतो, ३२ जीबी रॅम, एसएसडी, आणि सॉफ्टवेअर कंपनीने मान्य केलेल्या यादीतलं ग्राफिक्स कार्ड. गेमिंगचं महाग कार्ड इथे उपयोगी पडत नाही. वीस मिनिटांचा यूपीएस आणि दर १० मिनिटांनी ऑटो-रिकव्हर. भोसरीत गुरुवारी सुट्टी आणि वीज बंद, म्हणून बॅकअपची वेळ बुधवारी संध्याकाळी.

पहिले दोन महिने

जुनी ड्रॉइंग थ्रीडीत आणायचा मोह टाळला. रिपीट ऑर्डर आली तरच तो जॉब पुन्हा काढायचा. पहिल्या आठवड्यात टेम्प्लेट, दुसऱ्यात नेहमीच्या पार्टांची लायब्ररी: रेस्ट पॅड, डॉवेल, स्टड, नट, स्ट्रॅप क्लॅम्प, आणि तिन्ही मशीनवरचे होल्डर त्यांच्या खऱ्या मापांनी. मग एक बिनघाईचा जॉब टूडी आणि थ्रीडी दोन्हींत समांतर काढला. पहिल्या जॉबला दुप्पट वेळ धरावा आणि डिलिव्हरीची तारीख तशी द्यावी.

सगळ्यात जास्त त्रास फायलींच्या नावांनी दिला. असेम्ब्लीची फाइल पार्टांच्या फायलींकडे नावाने आणि जागेने बघते. कोणी विंडोजमध्ये जाऊन ‘प्लेट फायनल’चं नाव ‘प्लेट फायनल नवीन’ केलं की असेम्ब्ली उघडताना पार्ट गायब. नाव बदलायचं ते सॉफ्टवेअरमधूनच, आणि पेनड्राइव्हवर द्यायचं तर पॅक अँड गो (जोडलेल्या सगळ्या फायली एकत्र गोळा करणारी सोय) वापरून. पार्टाला नाव न देता क्रमांक द्यायचा: जॉब नंबर, पार्ट नंबर, रिव्हिजन. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात बंद.

टक्कर झालेला जॉब याच काळात पुन्हा काढला. असेम्ब्लीत ईआर३२ होल्डर खाली आणला आणि इंटरफरन्स लाल दिसला, पाच मिमी वर, चार मिमी आडवा. स्टड ३२ वरून ४० मिमीवर नेला, नटाच्या कोपऱ्यापासून होल्डरपर्यंत ४ मिमी मोकळे झाले. पण स्टड मागे गेल्यामुळे क्लॅम्पचा दाब जॉबवर कमी पडू लागला, कारण स्टड जॉबपेक्षा मागच्या टेकूच्या जास्त जवळ आला. टेकूही ८ मिमी मागे घेतला आणि क्लॅम्प तेवढा लांब केला. हे गणित सॉफ्टवेअरने सुचवलं नाही, ज्येष्ठांनी ड्रॉइंगवर सही करताना लाल पेनने लिहिलं.

जॉब संपला की फोल्डर बंद करताना चार गोष्टी ठेवायच्या: मूळ फाइल पॅक अँड गो करून, स्टेप, सही केलेली पीडीएफ आणि लेझरला गेलेली डीएक्सएफ. उद्या मेंटेनन्स थांबलं किंवा सॉफ्टवेअर बदललं, तरी स्टेप आणि पीडीएफवरून तोच फिक्स्चर पुन्हा बनवता येतो. दुसरी सीट कधी घ्यायची तेही ठरलं आहे: ग्राहकाच्या मंजुरीचं मॉडेल केवळ सीट मोकळी नाही म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त अडकलं, आणि असं सलग तीन महिने झालं, तर.